‘आधीपासून आजार होता...’

कोरोनाच्या बातम्यांत रोज एक वाक्य असायचं. तुम्हाआम्हाला त्यानं केवढा धीर दिला! पण ते वाक्य ज्यांच्याबद्दल होतं, तेही घरात बसून तीच बातमी ऐकत होते. त्यांचं काय झालं?

“टेन्शन नको घेऊस ताई. ज्यांना आधीपासून काहीतरी आहे ना, त्यांच्याच जिवावर बेततंय. आपल्याला काय होणारेय!”

एप्रिल २०२०. लॉकडाऊनचा तिसरा आठवडा. मी डोंबिवलीच्या घरात, गॅलरीत. एका हातात डालगोना कॉफी (पहिली आणि शेवटची), दुसऱ्या हातात फोन. पलीकडे पडघ्याला माझी मावसबहीण. दोन-तीन सेकंद पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग ती म्हणाली, “हं. चल, ठेवते.”

त्यानंतर जवळजवळ महिनाभर तिनं माझा फोन उचलला नाही.

ताईला ल्यूपस आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून. मला ते माहीत नव्हतं असं नाही, चांगलं माहीत होतं. लग्नकार्यात ती उन्हात का उभी राहत नाही, तिच्या पर्समध्ये गोळ्यांचा डबा का असतो, सगळं माहीत. तरी ते वाक्य माझ्या तोंडून सहज गेलं. कारण त्या दिवसांत ते वाक्य सगळ्यांच्याच तोंडी होतं. टीव्हीवर, व्हॉट्सअॅपवर, सोसायटीच्या गेटवर. कोणी गेल्याची बातमी आली की पुढचा प्रश्न ठरलेला: “त्यांना आधीपासून काही होतं का?” उत्तर ‘हो’ आलं की ऐकणाऱ्याचा श्वास मोकळा.

हा लेख ताईला विचारून लिहितेय. नाव नको म्हणाली. “बाकी सगळं लिही,” म्हणाली, “आणि तू काय बोललीस तेही लिही.” लिहिलं.

पडघा? तो टोलवाला ना?

तुमच्यापैकी बहुतेकांनी पडघा पाहिलाय, पण काचेतून. इगतपुरीच्या वीकेण्डला निघालात की भिवंडी ओलांडल्यावर जिथे टोल भरता, तेच. भिवंडी तालुक्यातलं महामार्गावरचं गाव. एकेकाळी आजूबाजूला नुसती भातशेती होती. आता त्याच शेतांवर निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची गोदामं उभी आहेत, एकेक इतकं मोठं की आत क्रिकेटच्या दोन मॅचेस व्हाव्यात. तुम्ही रात्री दीड वाजता मागवलेला चार्जर दुसऱ्या दिवशी दारात येतो, तो बऱ्याचदा याच पट्ट्यातून.

ट्रेन पकडायची तर रिक्षानं खडवली स्टेशन, नाहीतर बापगाववरून गांधारी पुलाच्या रस्त्यानं कल्याण. ताई असंच रोज ठाण्याला ऑफिसला जायची. अकाउंट्समध्ये आहे ती. तिचे डॉक्टर मुंबईला. म्हणजे तिची नोकरी आणि उपचार, दोन्ही लोकलच्या भरवशावर. २२ मार्च २०२०च्या मध्यरात्री लोकल थांबली. १५ जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. सरसकट महिलांना ठरावीक वेळेत परवानगी मिळाली २१ ऑक्टोबरला. सात महिने! पडघ्याहून मुंबई तशी लांब नाही. पण लोकल नसली की ती एकदम लांब जाते. खासगी गाडी करा, ई-पास काढा, नाकाबंदीला कागद दाखवा, आणि एवढं करून पोहोचलात तर ओपीडी बंद.

काका, म्हणजे ताईचे बाबा, अशाच एका गोदामात सुपरवायझर. मालाची ने-आण अत्यावश्यक, त्यामुळे ते रोज कामावर. तुमचं सॅनिटायझर, तुमची मॅगी वेळेवर पोहोचत होती ना? त्यामागे असे खूप काका होते. आणि रोज संध्याकाळी सात वाजता त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की आत ताईच्या छातीत धडधड सुरू. बाबा आले म्हणून नाही, बाबा काय घेऊन आले म्हणून. ते मागच्या दारानं यायचे, न्हाणीत कपडे बादलीत टाकायचे, आंघोळ करायचे, ओटीवर जेवायचे, तिथेच झोपायचे. पावसाळा लागल्यावरही. बाप-लेक एका घरात राहून चार महिने एका खोलीत बसले नाहीत. “मला माझ्या बाबांची भीती वाटायची,” ताई सांगते, “आणि त्यांना स्वतःची.”

कोरोनाची गोळी

ल्यूपस म्हणजे काय, हे थोडक्यात. आपली प्रतिकारशक्ती बाहेरच्या शत्रूंशी लढायची, ती उलटी फिरून आपल्याच शरीरावर चाल करून येते. सांधे, त्वचा, किडनी, फुप्फुसं... कुणाचं काय धरेल सांगता येत नाही. रुग्णांमध्ये दर दहाजणांत नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या. पॉपस्टार सेलेना गोमेझला याच आजारामुळे २०१७ साली किडनी बदलावी लागली. आजार पूर्ण जात नाही, आटोक्यात राहतो. आणि तो आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांमधलं एक जुनं, स्वस्त आणि भरवशाचं नाव आहे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन.

आठवलं ना नाव?

मार्च २०२०च्या तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनी, डोनाल्ड ट्रम्प यांनी, टीव्हीवर या गोळीचं तोंडभरून कौतुक केलं. २३ मार्चला आपल्या आयसीएमआरनं कोविड रुग्णांची सेवा करणारे आरोग्य कर्मचारी आणि रुग्णांच्या घरातले लोक यांना खबरदारी म्हणून ती द्यावी अशी शिफारस केली. झालं! ज्यांना या नावाचा उच्चार करता येत नव्हता तेही केमिस्टच्या रांगेत. २५ मार्चला सरकारनं निर्यात थांबवली, २६ला ही गोळी चिठ्ठीशिवाय विकायला बंदी करून एच-वन यादीत टाकली. तोवर बऱ्याच दुकानांतले खण रिकामे झाले होते. मुंबई महापालिकेनं तर एप्रिलमध्ये वरळी आणि धारावीच्या वस्त्यांत खबरदारी म्हणून ती वाटायचाही विचार चालवला होता, पुढे तो मागे पडला.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. ही गोळी रोज घेणारी माणसं आधीपासून होती. ल्यूपसवाली, संधिवातवाली. त्यांच्यासाठी ती ‘कदाचित उपयोगी पडेल’ अशी नव्हती. मिठासारखी होती. रोज लागायची.

ताई रोज दोन घ्यायची. मार्चअखेर तिनं डबा उघडला तेव्हा हिशेबानं दीड महिन्याच्या गोळ्या असायला हव्या होत्या. एक पाकीट कमी निघालं. घरभर शोधाशोध. मग संध्याकाळी मावशीनं मान खाली घालून सांगितलं. शेजारच्या काकू आल्या होत्या. घरात दोन लहान नातवंडं, मुलगा रोज भाजी आणायला कल्याणला जाणारा. “तुमच्याकडे ती कोरोनाची गोळी असते ना? एक पाकीट द्या की.” मावशीला नाही म्हणता आलं नाही. तीस वर्षांचा शेजार. रात्री-अपरात्री ताईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा त्याच काकूंच्या मुलानं गाडी काढलेली.

इथे चूक कुणाची, मला अजून ठरवता येत नाही. काकूंना कुणीतरी सांगितलं होतं की ही गोळी पोरांना वाचवेल. मावशीनं शेजारधर्म पाळला. आणि ताईच्या डब्यात, आधीची ऑर्डर दुकानदारानं “माल नाही” म्हणून फिरवल्यामुळे, आता नवीन काही येणार नव्हतं. ती आईशी चार दिवस बोलली नाही. मग रात्री जेवताना म्हणाली, “आई, तुला माझा जीव द्यायला नाही जमणार, पण माझ्या गोळ्या दिल्यास.” मावशी हे मला सांगताना आजही पदर डोळ्याला लावते.

ताईनं एक गोळी करायला सुरुवात केली. डॉक्टरांना न विचारता. कारण डॉक्टरांचा फोन लागत नव्हता.

ही गोळी शरीरात मुरलेली असते, त्यामुळे कमी केली तर परिणाम लगेच नाही, काही आठवड्यांनी दिसतो. म्हणजे आणखी एक टांगती तलवार. मेच्या सुरुवातीला बोटं सुजली, गालांवर लाली आली. गोळी कमी पडली म्हणून, झोप नाही म्हणून, की ताणामुळे? ठाम कोण सांगणार! मग स्टेरॉईड वाढवलं. स्टेरॉईड वाढलं की प्रतिकारशक्ती आणखी दबते, म्हणजे कोरोनाची भीती दुप्पट. भीती दुप्पट की झोप निम्मी. सापशिडीत सगळे सापच.

गोळ्या शेवटी आल्या त्या सरकारकडून नाही, कंपनीकडून नाही. ल्यूपसच्या रुग्णांचा एक फोनग्रुप होता, त्यात ताईनं भीत भीत मेसेज टाकला. कल्याणच्या एका बाईंनी स्वतःच्या साठ्यातल्या वीस गोळ्या काढून दिल्या. पडघ्याहून पहाटे कल्याणला दूध घेऊन जाणारा टेम्पो असतो, तो परत येताना ते पाकीट घेऊन आला. ड्रायव्हरनं ते गाडीच्या देवापुढे ठेवलं होतं, हरवू नये म्हणून. त्या बाईंना ताई आजवर भेटलेली नाही. “तिच्याकडे किती उरल्या असतील, हे मी विचारलं नाही,” ताई म्हणते. “धीरच झाला नाही.”

आणि त्या गोळीचं पुढे काय झालं? जून २०२०मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीनं सांगितलं की हॉस्पिटलात दाखल कोविड रुग्णांना तिचा उपयोग नाही. अमेरिकेनं दिलेली तातडीची परवानगी १५ जूनला काढून घेतली. जागतिक आरोग्य संघटनेनंही आपल्या चाचणीतून तिला वगळलं. इतकंच काय, वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्या ल्यूपसच्या रुग्णांनाही कोविड होत होता, गंभीरही होत होता. ते जगभरातल्या डॉक्टरांनी जमवलेल्या नोंदींतून समोर आलं. म्हणजे काकूंच्या नातवंडांना ती लागलीच नसती. काकूंनी ती दिलीच नाही म्हणे पोरांना. कडू असते, घशाखाली उतरेना.

इम्युनिटी, इम्युनिटी!

दुसरा छळ प्रेमळ होता. काढा. गुळवेल. च्यवनप्राश. आर्सेनिक अल्बम. ‘इम्युनिटी बूस्टर’ हे दोन शब्द त्या वर्षी चहाच्या पुड्यापासून गादीच्या जाहिरातीपर्यंत कुठे नव्हते! पडघ्यातल्या घरी रोज कुणीतरी काहीतरी पाठवायचं. आता गंमत बघा, ताईचा आजारच मुळी प्रतिकारशक्ती नको तिथे उधळल्याचा. तिला ती ‘बूस्ट’ करून काय करायचंय? पण हे किती जणांना समजावणार? नाही म्हटलं तर, “मग आजारी पडशील हो!” म्हणजे उद्या काही झालंच तर दोषही तिचाच.

पुढे २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद एका वैद्यकीय जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या काहींना ताईसारखेच, प्रतिकारशक्तीचे आजार होते. आयुष मंत्रालयानं हा निष्कर्ष अमान्य केला, वाद झाला. ताईनं गुळवेल घेतली नव्हती. कुंडीतल्या मनीप्लांटला घातली होती.

संध्याकाळचं पत्रक

आता पुन्हा त्या वाक्याकडे. राज्याच्या आरोग्य विभागाचं रोज संध्याकाळी एक पत्रक यायचं. आज नवे किती, बरे झालेले किती, गेलेले किती. गेलेल्यांचा हिशेब पुढे फोडलेला: साठीच्या वरचे किती, चाळिशीच्या आतले किती, आणि किती जणांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे अतिजोखमीचे आजार होते. ही माहिती गरजेचीच होती. कुणाला जास्त जपायचं ते डॉक्टरांना त्यातूनच कळत होतं. पण ती घराघरात पोहोचली तेव्हा तिचा अर्थ बदलला. ‘यांना जास्त जपा’ याचं झालं ‘हे जाणारच होते’.

ताई ते पत्रक रोज वाचायची. दोनदा. चाळिशीच्या आतले किती आणि त्यातले आजारवाले किती, हे मनाशी जुळवत बसायची. दिवसातून आठ-नऊ वेळा थर्मामीटर. वास येतोय का बघायला कांदा चिरून नाकाशी. मेमध्ये महामार्गावरून मुंबई-ठाण्यातले कामगार कुटुंबकबिल्यासह चालत गावाकडे निघाले. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, पायात काहींच्या चपलाही नाहीत. पडघ्यातली पोरं पाणी, वडापाव, बिस्किटं वाटायला रस्त्यावर उतरली. ताईचा स्वभाव असा की ती सगळ्यात पुढे असती. ती गच्चीवरून बघत होती, तेही ऊन उतरल्यावर. “सगळे कुणाच्या तरी उपयोगी पडत होते. मी फक्त जपून ठेवायची वस्तू होते.”

याला काय नाव द्यायचं? डिप्रेशन? भीती? ताई म्हणते, अपमान. रोज थोडा थोडा.

तिला पहिल्यांदा कुणी नीट विचारलं ते जूनमध्ये. सरकारनं २५ मार्च २०२०लाच फोन आणि व्हिडिओवरून तपासणीची नियमावली आणली होती, पण त्या धावपळीत तिला वेळ मिळायला जून उजाडला. घरात रेंज नाही म्हणून ती गच्चीवर. चित्र अडकत होतं, आवाज येत होता. रिपोर्ट, गोळ्या, सूज, सगळं झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “झोप लागते का?” आणि ही जी रडायला लागली! डॉक्टर फोन न ठेवता थांबले. चार-पाच मिनिटं. सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरसाठी चार-पाच मिनिटं म्हणजे किती, हे ज्यांनी ओपीडीची रांग पाहिलीये त्यांना कळेल. (आता २४ तास चालणारी सरकारी ‘टेलिमानस’ हेल्पलाइन आहे, १४४१६. ती ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. तेव्हा नव्हती.)

अशी ती एकटी नव्हती. डायलिसिसला लॉकडाऊन नसतो, आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर जावंच लागतं, मग बस असो नसो. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त लागतं आणि रक्तदान शिबिरं तर बंद. परळला टाटा हॉस्पिटलसाठी आलेले परगावचे कॅन्सर रुग्ण मुंबईत अडकले. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांचा एक अभ्यास २०२१मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’मध्ये आला. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नवीन रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली होती. टीबीचं तेच: देशात २०१९मध्ये २४ लाख रुग्णांची नोंद झाली, २०२०मध्ये १८ लाखांची. कॅन्सर कमी झाला नव्हता, टीबीही नाही. माणसं दारापर्यंत पोहोचली नव्हती. त्यातली किती नंतर पोहोचली?

यादीत नाव आहे, पण...

ब्रिटनमध्ये मार्च २०२०पासून सुमारे २२ लाख अतिजोखमीच्या लोकांना सरकारी पत्रं गेली: तुम्ही घरातच थांबा. तिथे त्यावरही पुष्कळ टीका झाली, पण निदान कुणीतरी पत्ता लिहून पत्र तरी धाडलं. आपल्याकडे सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर आशाताई आल्या, ताप मोजला, ऑक्सिजन मोजला, आजार विचारले. ताईनं ल्यूपस सांगितलं. आशाताईंच्या फॉर्मवर तो रकानाच नव्हता. ‘इतर’मध्ये लिहिलं. “त्या बिचाऱ्या स्वतः मास्क तीन-तीन दिवस वापरत होत्या,” ताई म्हणते, “त्यांना काय बोलणार!”

मग लस आली. १ मार्च २०२१पासून साठीवरच्या सगळ्यांना आणि ४५ ते ५९ वयाच्या, वीस ठरावीक आजारांपैकी काही असलेल्यांना. त्या यादीत दीर्घकाळ स्टेरॉईड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारेही होते. ताईनं यादी वाचली, उडी मारली. मग वयाची ओळ वाचली. तिचं वय २६. १ एप्रिलला ४५ वरच्या सगळ्यांना परवानगी मिळाली, ठणठणीत असलेल्यांनाही. तिचा नंबर १ मेला, देशातल्या सगळ्या तरुणांबरोबर.

आणि त्या मेमध्ये काय चाललं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. कोविनवर स्लॉट उघडला की तीन सेकंदांत गायब. शहरात मिळेना म्हणून मुंबई-ठाण्यातली पोरंपोरी गाड्या काढून ठाणे-पालघरच्या ग्रामीण केंद्रांवर. गावातली माणसं रांगेच्या बाहेर उभी राहून बघताहेत, नेट आणि लॅपटॉपवाले शहरातून येऊन टोचून जाताहेत. त्यात मी होते. मेच्या पहिल्या आठवड्यात, भावाच्या मित्राच्या गाडीतून, पडघ्याचा टोल ओलांडून. सेल्फी काढला, स्टेटसला टाकला. ताईनं तो पाहिला. काही बोलली नाही. मेच्या मध्यावर राज्यात लस अपुरी म्हणून १८ ते ४४चं लसीकरण थांबलं. तिला पहिला डोस मिळाला जूनच्या शेवटी.

प्रतिकारशक्ती दबलेल्यांना दोन डोस पुरत नाहीत म्हणून अमेरिकेनं ऑगस्ट २०२१मध्येच त्यांना तिसरा द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे जानेवारी २०२२मध्ये खबरदारीचा डोस आला तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि साठीवरचे आजारी यांच्यासाठी. तरुण आजारी माणूस ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात बसत नाही. एप्रिल २०२२मध्ये खासगी केंद्रावर पैसे भरून ताईनं तो घेतला.

मास्क उतरला!

त्याच एप्रिलच्या १ तारखेपासून महाराष्ट्रातले सगळे निर्बंध उठले. मास्क ऐच्छिक. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, शोभायात्रा, ढोल-ताशे. दोन वर्षांनी! मीही नाचले, खोटं कशाला बोलू. ताईच्या ऑफिसमध्ये त्याच महिन्यात सगळ्यांना परत बोलावणं आलं.

इथे थोडं मागे जायला हवं. २०१९मध्ये ताईनं एचआरला लेखी विचारलं होतं: आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू का? लोकलच्या गर्दीत सांधे सुजतात. उत्तर आलं, पॉलिसीत बसत नाही, आणि अकाउंट्सचं काम घरून होऊच शकत नाही. मार्च २०२०मध्ये तेच काम तीन दिवसांत घरून सुरू झालं. दोन वर्षं चाललं, एकही क्लोजिंग चुकलं नाही. मग पुन्हा, “आता सगळं नॉर्मल झालंय ना!” कायद्याचा आधार घ्यावा तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे. ल्यूपस नाही.

तर ती जाते. मास्क लावून. “अजून?” असं पहिल्या महिन्यात सगळ्यांनी विचारलं. मग कुणीतरी तिला ‘२०२०’ असं नाव ठेवलं. प्रेमानंच, म्हणे. शिंकणारा कलीग शेजारी बसला की ती फाईल घेऊन दुसऱ्या टेबलाला जाते आणि त्याला ते लागतं. तो ताप अंगावर काढून ऑफिसला आलाय, याचं त्याला कौतुक. तुमच्याही ऑफिसात असेल असा एक. कदाचित तुम्हीच असाल. मी होते.

परवा पडघ्याला गेले होते. खडवलीला उतरल्यावर फोन केला, ताई, घसा जरा धरलाय, येऊ की परत जाऊ? म्हणाली, “ये. ओटीवर बस.” मावशीनं पोहे बाहेरच आणून दिले. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून, “कधी आलीस?” म्हणून विचारून गेल्या. ताई दारात, मास्क लावून, खुर्ची टाकून. आमच्यामध्ये आठ-दहा फूट अंतर, तीच काकांची जुनी झोपायची जागा.

“घसा कधीपासून?”

“कालपासून.”

“ताप?”

“नाही गं.”

“मोजलास?”

मी मोजला नव्हता. ती उठून आत गेली आणि थर्मामीटर घेऊन आली.